परतीचे दाणे

परवा दुपारी माझ्या फोननं विचारलं, नवीन आवृत्ती आली आहे, आता घालू की नंतर? शेजारी बसलेल्या माझ्या भाचीच्या फोननंही तेच विचारलं होतं. तिनं 'आता' दाबलं आणि ती चहा ठेवायला उठली. मी वही शोधू लागले. सध्या फोनमध्ये कोणती आवृत्ती आहे ते लिहून घेतल्याशिवाय माझं बोट त्या बटणाकडे वळत नाही.

"मावशी, हे काय करून राह्यली?" भाचीनं विचारलं.

"परतीचे दाणे ठेवते," मी म्हटलं. त्यावर तिनं माझं कपाळ तापलंय का ते हात लावून पाहिलं.

ही खोड मला हिरासिंग राठोड यांनी लावली. वाशिमच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी एकोणीस वर्षं नोंदणी विभाग सांभाळला, त्यातली शेवटची बारा वर्षं राठोडभाऊ तिथले सर्व्हर सांभाळत होते. सर्व्हर दोन. पहिल्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीमागे काचेच्या दाराची एक खोली होती, तिथे ही दोन यंत्रं एकाखाली एक बसवलेली. बारा वर्षांतल्या सगळ्या रुग्णांचे रिपोर्ट त्यांच्या पोटात. एक बंद पडलं तर दुसऱ्यानं ओढायचं अशी व्यवस्था होती. मुख्यालयातही एक प्रत जाते असं कागदोपत्री होतं. राठोडभाऊंनी एकदा परीक्षा म्हणून त्या प्रतीतला एक रिपोर्ट मुख्यालयाकडे मागितला होता. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

हे रिपोर्ट म्हणजे काय चीज होती, ते सांगायला हवं. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरची कितीतरी माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. तेवढ्यात दवाखान्याचा कागद कुठे भिजतो, कुठे चुलीत जातो. मग एखादी बाई माझ्या खिडकीशी येऊन म्हणायची, "माह्या छातीचा फोटू काढला व्हता मांगच्या साली. तवा हे पोरगं कडेवर व्हतं." एवढ्या पुराव्यावर मी तिचा रिपोर्ट हुडकून द्यायचे. तो मिळायचा तो त्या दोन यंत्रांतच. राठोडभाऊ स्वतः अशाच एका तांड्यावरचे होते, त्यामुळे ही गोष्ट त्यांना कुणी समजावून द्यावी लागत नव्हती.

दिसायला ते कुणाच्या लक्षात राहावेत असे नव्हते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि डोक्यावर लोकरीची माकडटोपी. सर्व्हरच्या खोलीत एसी अहोरात्र चाले, म्हणून टोपी. पण ती काढायचं त्यांच्या ध्यानात राहत नसे. मे महिन्यात सगळं वाशिम डोक्याला ओला रुमाल बांधून फिरत असताना आमच्या दवाखान्यातला एक माणूस माकडटोपी घालून चहाच्या टपरीवर उभा असायचा. नवीन डॉक्टर त्यांना रुग्ण समजून विचारपूस करायचे. तेही शांतपणे उत्तरं द्यायचे.

त्यांची नि माझी पहिली गाठ भांडणात पडली. एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला, खिडकीवर रांग दाराबाहेर गेलेली असताना, हे गृहस्थ येऊन म्हणाले, "बाई, अर्धा घंटा कॉम्प्युटर मंद चालन. फर्मवेअर बदलवून राह्यलो."

मला फर्मवेअर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण अकराची वेळ ठाऊक होती. मी म्हटलं, "ही कामं लोक रात्री करतात."

"करतात," ते म्हणाले. "रातच्याले चुकलं तर इचारायले कोन जागं हाय? अकरा वाजता सारे जागे असतात. कंपनीचा मानूस फोन उचलते, वायरमन असते, तुमी असता."

"मी काय करणार?"

"तुमी लिहिसान."

आणि त्यांनी माझ्यासमोर एक वही ठेवली. तिला चार रकाने आखलेले होते. तारीख, जुना वाण, नवा वाण, आणि परत येता येते का. व्हर्जनला ते वाण म्हणत, सोयाबीनच्या बियाण्याला म्हणतात तसं. काम करणाऱ्यानं स्वतः लिहायचं नाही, दुसऱ्यानं लिहायचं, असा त्यांचा नियम होता. कारण काम करणारा माणूस जे व्हायला हवं होतं ते लिहितो, आणि बघणारा जे झालं ते लिहितो. ते आत पडद्यावरचे आकडे मोठ्यानं वाचत, मी दारात उभी राहून लिहीत असे. रांगेतली माणसं तोवर आम्हा दोघांचा उद्धार करत. मीही मनातल्या मनात त्यांच्यात सामील असायचे.

फर्मवेअर म्हणजे काय, हे त्यांनी मला पुढे सांगितलं. "बाई, सकाळी झोपेतून उठल्यावर आपन कोन हाय, आपले हात कोनते, पाय कोनते, हे आपल्याले आपोआप आठवते ना? यंत्राले ते कोनी सांगा लागते. ते सांगनारं म्हनजे फर्मवेअर. ते बिघडलं तर यंत्र चांगलं राहते, पन त्याले मी यंत्र हाय हेच आठवत नाई." असे दोन-तीन अधिकारी आमच्या दवाखान्यात होते, त्यामुळे मला ते लगेच समजलं.

एकदा बदल सुरू झाला की पडद्यावर टक्के सरकू लागत. त्या काळात यंत्राला हात लावायचा नाही, बंद करायचं नाही, घाई करायची नाही. राठोडभाऊ स्टुलावर बसत आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवत. चक्क स्वतःच्या हातांवर बसत. "हात मोकळे असले का चावटपना करतात," ते म्हणत. टक्के सदतीसवर वीस-वीस मिनिटं थांबून राहत, आणि हा माणूस टोपी घालून, हातांवर बसून समोर पाहत राही. ते हातांवर बसले की त्यांच्याशी बोलायचं नाही, हे सगळ्या दवाखान्याला माहीत होतं. एकदा वैद्यकीय अधीक्षक स्वतः आले, दारातून आत पाहिलं, आणि चवड्यांवर चालत परत गेले.

एका वर्षी नव्या वाणानंतर खालचं यंत्र गर्जायला लागलं. बाकी सगळं ठीक होतं. रिपोर्ट निघत होते, चित्रं दिसत होती. फक्त आतले पंखे मळणीयंत्रासारखे ओरडत होते. कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं की हे असं होतं, दुर्लक्ष करा. डॉक्टर म्हणाले, दार लावून घ्या. राठोडभाऊंनी दिवसभर तो आवाज ऐकला आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता वही घेऊन माझ्याकडे आले.

"मांगं जातो," ते म्हणाले.

"अहो, चालतंय ना सगळं!"

"चालून राह्यलं ते दिसते मले. पन वरडून काहून राह्यलं ते दिसत नाई. समजत नाई तवर मांगं जाऊन बसाव."

ते मागे गेले, पंखे गप्प झाले. का ओरडत होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. राठोडभाऊंना त्याचं वाईट वाटलं नाही. माघार घेणं त्यांना कमीपणाचं वाटतच नसे. आमच्या दवाखान्यात ही दुर्मिळ गोष्ट होती, कारण तिथे चुकीच्या जागी बांधलेली भिंतसुद्धा कुणी पाडत नव्हतं.

मागे जायचं तर जुना वाण जवळ हवा. तो ते पेनड्राइव्हवर ठेवत आणि ते पेनड्राइव्ह बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात, ज्वारीच्या दाण्यांत पुरून ठेवत. ओल लागू नये म्हणून, असं ते सांगत. वर्षातून एकदा ज्वारीला सोंडे लागत. मग एप्रिलमध्ये गच्चीवर धोतर पसरून त्यावर ज्वारी आणि पेनड्राइव्ह एकत्रच उन्हात घातलेले दिसत, आणि चिमण्या हाकलायला माझ्यासारखी जुन्या नोकरीची बाई बसवलेली असे.

मी एकदा तिथे बसून कंटाळले आणि म्हटलं, "ओल नको तर औषधांच्या बाटलीतल्या त्या पांढऱ्या पुड्या का नाही टाकत? ज्वारीच कशाला?"

तेव्हा त्यांनी ते सांगितलं. लहानपणी आईबापांबरोबर तेही ऊसतोडीला जात. निघायच्या दिवशी त्यांची आई, ते याडी म्हणत, घराच्या कोपऱ्यात एका मडक्यात ज्वारी भरून तोंड शेणामातीनं लिंपून ठेवी. सहा महिन्यांनी परत आलं की पहिल्या दिवशीची भाकर त्या दाण्यांची. कुणाकडे मागायला जायचं नाही. "जाताना सारे पुढचं पाह्यतात," ते म्हणाले, "याडी मांगचं पाहे. एका साली टरॅक्टरवाला भोंगे वाजवून राह्यला व्हता, तिनं घाईत मडकं तसंच रिकामं ठेवलं. परत आलो त्या सांजेले आमी पाचही जन दारात बसलो. घर आपलं, चूल आपली, अन् आत जावं वाटेना. शेजारनीनं भाकर देली. याडीनं ती आमाले खाऊ घातली, तिनं नाई खाल्ली."

एवढं सांगून ते ज्वारी खालीवर करू लागले. मी त्यानंतर चिमण्या हाकलायला कधी कुरकुर केली नाही. 'परतीचे दाने ठेवले का?' हे त्यांचं पालुपद मग दवाखानाभर झालं. सिस्टर सुट्टीवर निघाली तरी आया तिला तेच विचारायची.

आता मुख्य गोष्ट. मुख्यालयातून आदेश आला की अमुक नवा वाण दोन्ही यंत्रांत एकाच दिवशी घालावा. जुन्यात चोरांना शिरायला भोक आहे, म्हणून घाई. राठोडभाऊंनी कंपनीची सूचनापत्रिका छापून घेतली, अकरा पानं, इंग्रजी. ती ते पेन्सिल घेऊन तीन दिवस वाचत होते. सातव्या पानावर एक ओळ होती, की हा वाण एकदा पुरता बसला की जुन्यावर परत जाता येणार नाही.

बारा वर्षांत चौथ्या रकान्यात 'नाही' लिहायची वेळ पहिल्यांदा येत होती. त्यांनी मुख्यालयाला दोन ओळींचं पत्र पाठवलं. काम करतो. पण आधी एक यंत्र, आठ दिवस पाहून मग दुसरं. तिथल्या साहेबांचा फोन आला. साहेब तरुण होते, गोड बोलत. "राठोड, जग पुढे चाललंय."

"जाऊ द्या ना साहेब. म्या कुठं धरलं त्याले?"

फोनाफोनी पंधरा दिवस चालली. शेवटी साहेब म्हणाले, ठीक आहे, एकेक करा, पण काही झालं तर जबाबदारी तुमची, तसं लिहून द्या. राठोडभाऊंनी लिहून दिलं. निवृत्तीला सव्वा वर्ष उरलेलं. मी त्यांना म्हटलं, कशाला स्वतःच्या मानेवर ओढवून घेता, सांगितलं तसं करून मोकळे व्हा, बिघडलं तर त्यांच्या डोक्यावर. ते म्हणाले, "बिघडलं तर त्याहिच्या डोक्यावर नाई, बाई. त्या खिडकीवरच्या बाईच्या डोक्यावर."

गुरुवार ठरला. बुधवारी त्यांनी नेहमीप्रमाणे वायरमनला सांगितलं. आमचा वायरमन मुनाफ. दवाखान्याची लाइट, जनरेटर सगळं त्याच्याकडे, आणि नोकरी वर्षावर्षाच्या करारावर. राठोडभाऊंवर त्याची भारी माया. ते एरवी "उद्या काम हाय" एवढंच म्हणत. त्या बुधवारी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मुनाफ, उद्या लय मोठं काम हाय. मांगं येता येत नाई."

"राठोडभाई, बेफिकर रहा," मुनाफ म्हणाला. "उद्या लाइटले म्या हलू देत नाई."

गुरुवारी अकराला वरच्या यंत्राचं काम सुरू झालं. मी दारात वही घेऊन उभी. टक्के सरकू लागले, राठोडभाऊ हातांवर बसले. आणि तळमजल्यावर मुनाफ, लाइटला हलू न देण्याच्या तयारीत, मेन बोर्डापुढे बसला होता. बसल्याबसल्या त्याला दिसलं की जनरेटरवर जायच्या खटक्याचा एक स्क्रू ढिला आहे. आज नेमकी लाइट गेली आणि खटका बसला नाही तर? राठोडभाईंचं एवढं मोठं काम! त्या माणसाचा जीव राहीना. स्क्रू आवळायचा तर मेन बंद करावा लागतो. पाच मिनिटांचं काम, वर यूपीएस आहेच, असा विचार करून त्यानं मेन बंद केला.

यूपीएस कागदावर वीस मिनिटांचा होता. तो तीन मिनिटांत गेला.

टक्के एकसष्ट होते. पडदा काळा झाला, एसी थांबला. बारा वर्षांत पहिल्यांदा मी ती खोली गप्प ऐकली. राठोडभाऊंनी मांड्यांखालून हात काढले आणि नुसते गुडघ्यांवर ठेवले. मला रडू आलं, मी लपवलंही नाही.

दोन मिनिटांनी लाइट आली. खालच्या यंत्राला त्या दिवशी हात लावलेलाच नव्हता. ते उठलं आणि आपलं काम पुढे ओढू लागलं. सगळे रिपोर्ट जागच्या जागी होते. साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही एकदम घेतली असती तर काय झालं असतं ते वरच्या यंत्राकडे बघून कळत होतं. त्याचा नारिंगी दिवा लुकलुकत होता आणि त्याला आपण कोण आहोत ते आठवत नव्हतं.

तेवढ्यात मुनाफ जिना चढून धापा टाकत आला. "झालं फिट! आता गेली तरी फिकर नाई, राठोडभाई!"

त्यानं दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हातातला पेचकस घेऊन तो मटकन खाली बसला.

राठोडभाऊंनी डबा उघडला आणि ज्वारीत हात घातला. नवा वाण पुरता बसला नव्हता, म्हणून जुन्याला अजून जागा होती. त्यांनी यंत्राचं झाकण काढलं, पुस्तकात बघून आतली जंपर नावाची बारीकशी टोपी एका काडीवरून काढून दुसरीवर बसवली, पेनड्राइव्ह लावला. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा जमलं नाही. दुपारचा डबा कुणी उघडला नाही. साडेतीनच्या सुमाराला, तिसऱ्या खेपेला, नारिंगी दिवा हिरवा झाला. पेनड्राइव्हवर एक ज्वारीचा दाणा चिकटलेला होता, तो त्यांनी काढून परत डब्यात टाकला.

मग वही. तारीख लिहिली, जुना वाण लिहिला, नव्याच्या जागी रेघ ओढली. ते म्हणाले, "खाली कारन लिहा, बाई. वेळ राठोडनं निवडली, सांगनं राठोडनं केलं, चूक राठोडची."

"आणि मेन कुणी बंद केला?"

"त्याले मोठं काम हाय असं कोनं सांगितलं? बारा साल सांगितलं नव्हतं, तवर बारा साल स्क्रू ढिलाच व्हता अन् सारं बरं चाललं व्हतं. लिहा."

मला त्यांचा असा राग आला की पेन फेकावंसं वाटलं. बघणारा जे झालं ते लिहितो, हा नियम त्यांचाच. आणि माझ्याकडून ते जे झालं नाही ते लिहून घेत होते. मी लिहिलं. ते अक्षर माझं आहे, आणि ती वही माझ्या कपाटात आहे.

महिन्याभरात मुख्यालयाची दोन पत्रं एकाच पाकिटातून आली. एकात रुग्णांची माहिती सुरक्षित ठेवल्याबद्दल कौतुक होतं. दुसऱ्यात निष्काळजीपणाबद्दल त्यांची मुख्यालयात बदली होती, आणि वाशिमची दोन्ही यंत्रं काढून सगळं एका दूरच्या ठिकाणाहून चालवण्याचा निर्णय होता. दोन्हींवर सही एकाच साहेबांची होती. राठोडभाऊंनी दोन्ही पत्रं पेन्सिल घेऊन वाचली आणि एकाच फायलीत लावली. मुनाफचा करार एप्रिलमध्ये नवा झाला.

ते निघाले त्या दिवशी मी आणि मुनाफ बसस्टँडवर गेलो होतो. मुनाफनं त्यांची पेटी वर चढवली. इतके दिवस गिळलेलं त्याच्या तोंडून तिथे बाहेर पडलं. "राठोडभाई, तुमी माह्यं नाव काहून नाई सांगितलं?"

"शेख मुनाफ शेख रहमान," राठोडभाऊ म्हणाले. "एवढं लंबं नाव रकान्यात बसते का?"

मुनाफ तोंड फिरवून रसवंतीकडे बघत राहिला.

ते खिडकीशी जाऊन बसले. टोपी डोक्यावर होतीच. मला काहीतरी बोलायचं होतं आणि सुचलं ते त्यांचंच. "परतीचे दाणे ठेवले का?"

"घरचे ठेवले," ते म्हणाले. "इथले कुठी ठेवू? खोलीच नाई राह्यली." त्या खोलीत आदल्याच दिवशी मोडक्या व्हीलचेअर आणून टाकल्या होत्या.

चालकानं गाडी सुरू केली. अजून मिनिटभर ती जागेवरच धडधडत होती. मला त्यांना सांगायचं होतं की तुमच्या नावानं मी जे लिहिलं ते मला रात्रंदिवस टोचतं, तुमच्यासारखा माणूस मी नोकरीत दुसरा पाहिला नाही, आणि खोली रिकामी होताना उचलून ठेवलेला डबा माझ्याकडे आहे, एप्रिलमध्ये मी तो उन्हात घालीन. मी खिडकीपाशी गेले. राठोडभाऊ समोर पाहत होते, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्यांच्यावर बसले होते.

म्हणून मी बोलले नाही.